अंदाज आधी, भार नंतर: धुळ्यातील लाकडी बांधकाम वर्गाचे परीक्षण

धुळे शहराबाहेर, सुरत महामार्गालगतच्या एका खाजगी प्रशिक्षण केंद्रात हिवाळ्यात लाकडी बांधकामाचा अल्पमुदतीचा वर्ग भरतो. तुळई, कैची (छप्पर पेलणारी लाकडी त्रिकोणी चौकट), पाण्याच्या पाटावरचा छोटा पूल आणि शेतातील मचाण अशा लहान रचना शिकणाऱ्यांनी स्वतःच्या हाताने बनवायच्या आणि मग त्यांवर टप्प्याटप्प्याने भार टाकून त्या मोडेपर्यंत तपासायच्या, एवढाच त्याचा अभ्यासक्रम आहे. मी अमळनेर-पारोळा भागात जुन्या घरांच्या छपरांची दुरुस्ती करतो. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका तरुण सुतारालाही घेऊन मी हा वर्ग पूर्ण केला. वर्ग चांगला आहे आणि मी तो इतरांना मनापासून सुचवीन. मात्र ज्या प्रदेशात तो चालतो त्या प्रदेशातील लाकडाकडे आणि घरांकडे त्याने जेवढे लक्ष द्यायला हवे तेवढे अजून दिलेले नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे.

वर्गाचे मर्म एका साध्या नियमात आहे. कोणत्याही रचनेवर भार टाकण्यापूर्वी ती किती किलोला मोडेल, कोठे मोडेल, कशी मोडेल आणि मोडण्याआधी किती वाकेल, या चार प्रश्नांची उत्तरे प्रत्येकाने कागदावर लिहून, खाली सही करून शिक्षकांकडे द्यायची असतात. कागद दिल्याशिवाय चाचणी सुरू होत नाही. चाचणी झाल्यावर मोडलेले तुकडे टेबलावर मांडून प्रत्येकाचा कागद मोठ्याने वाचला जातो आणि अंदाज व प्रत्यक्ष यांत अंतर का पडले याची चर्चा होते. लाकूड मोडताना पाहणे कोणालाही आवडते, आणि केवळ तेवढ्यावर असा वर्ग सहज चालू शकला असता. परंतु आधी लिहून दिलेल्या अंदाजामुळे पाहणाऱ्याची नजर बदलते. तो आवाजाकडे पाहत नाही, आपण लिहिलेल्या जागेकडे पाहतो.

पहिली चाचणी साध्या पट्टीची असते. २० बाय ४० मिलिमीटर छेदाची पाइनची पट्टी ९०० मिलिमीटर अंतरावरील दोन आधारांवर ठेवून मधोमध वजने टांगतात. एकदा पट्टी आडवी ठेवून आणि एकदा उभी ठेवून. लाकूड तेच, वजनही तेच. तरीही २० किलो भाराला आडवी पट्टी सुमारे १४ मिलिमीटर वाकते आणि उभी पट्टी सुमारे ३.५ मिलिमीटरच वाकते. पट्टीचा ताठपणा तिच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि मोडण्याची ताकद उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे सूत्र डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेत अनेकदा लिहिलेले असते. तुळई उभी ठेवायची असते हे सुताराला लहानपणापासून ठाऊक असते. परंतु ती उभी केल्याने या पट्टीचा ताठपणा चौपट होतो आणि ताकद मात्र दुप्पटच होते, हा फरक दोघांनाही येथे प्रथमच हाताला जाणवतो. इमारतीतील लाकडाच्या रचनेसाठी असलेल्या आयएस ८८३ या भारतीय मानकात तुळईचा वाक सर्वसाधारणपणे गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधील अंतराच्या, २४० व्या भागापर्यंत मर्यादित ठेवला आहे. या पट्टीसाठी ती मर्यादा ३.७५ मिलिमीटर येते. म्हणजे उभी पट्टी २० किलोच्या थोडे पुढे गेली की वाकण्याच्या मर्यादेला पोहोचते, आणि गाठ नसलेली तीच पट्टी मोडायला दीडशे किलोहून अधिक भार लागतो. “मोडली नाही, म्हणजे पुरेशी आहे” असे आमच्या व्यवसायात सर्रास म्हटले जाते. त्या समजुतीला इतके स्पष्ट उत्तर मी अन्यत्र पाहिलेले नाही.

यानंतर येते कैची, आणि वर्गाचा सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. गाळा १.२ मीटर, उंची ३० सेंटिमीटर, दोन तिरपे वासे, तळाची आडवी तुळई आणि मधला खांब अशी कैची प्रत्येक गटाने २० बाय २० मिलिमीटरच्या पट्ट्यांतून बनवायची असते. शिखरावर २०० किलो भार दिल्यास प्रत्येक तिरप्या वाशात सुमारे २२४ किलो दाब येतो आणि तळाच्या तुळईत २०० किलो ताण येतो. हे गणित फळ्यावर दहा मिनिटांत होते. पण तीच कैची केवळ १५ सेंटिमीटर उंचीची केली, तर त्याच भाराला तळाचा ताण दुप्पट, म्हणजे ४०० किलो होतो. पत्र्याचा उतार कमी ठेवून लाकूड वाचविण्याचा आग्रह घरमालक नेहमीच धरतात. त्यांना आता मी हे आकडेच दाखवितो.

मधल्या खांबाच्या बाबतीत मात्र वर्गातील जवळजवळ सर्वांचा अंदाज चुकतो. तो खांब शिखराचे ओझे खाली तुळईवर देतो, असे बहुतेकांनी लिहिले होते. प्रत्यक्षात शिखरावरचे ओझे वासेच दोन्ही बाजूंना नेतात आणि मधला खांब तळाच्या तुळईला वर धरून ठेवतो. म्हणजे तो दबलेला नसून ताणलेला असतो. शिक्षकांनी हे तोंडाने सांगितले नाही. त्यांनी एका कैचीतील मधला खांब मध्ये कापून दोन तुकड्यांत फट ठेवली आणि शिखरावर भार दिला. कैचीने तो तक्रार न करता उचलला. मग त्यांनी तळाच्या तुळईच्या मध्यावर वजन टांगले, तेव्हा फट रुंदावत गेली आणि तुळई खाली झुकली. आमच्या भागात अनेक सुतार हा खांब तुळईवर नुसता टेकवून ठेवतात, कारण तो टेकू आहे अशीच त्यांची समजूत असते. तो जर लटकणारा अवयव असेल, तर त्याचा वरचा आणि खालचा सांधा ओढीला टिकणारा हवा. त्यासाठी लोखंडी पट्टी वळवून बोल्ट घालणे आवश्यक ठरते. या एका प्रात्यक्षिकासाठीसुद्धा वर्गाचे शुल्क वसूल होते, असे माझे मत आहे.

मोडण्याच्या जागाही तितक्याच बोलक्या असतात. २० बाय २० छेदाचा आणि सुमारे ६७ सेंटिमीटर लांबीचा वासा दाबाखाली चिरडत नाही, तो बाजूला वाकून निसटतो. गणिताने हा प्रकार शिखरावरील सुमारे २१० किलो भाराला घडायला हवा. बहुतेक कैच्या त्याच्या बऱ्याच आधी गेल्या, कारण सांधे सरळ रेषेत नव्हते आणि वासे आधीच किंचित वाकलेले होते. वाशाला मध्यभागी दोन्ही दिशांनी आधार दिला, तर मोकळी लांबी निम्मी होते आणि बाजूला वाकण्याविरुद्धची ताकद चौपट होते. कैचीतील तिरक्या आधारांचे प्रयोजन यातून आपोआप कळते. काही कैच्या टाचेपाशी, म्हणजे वासा तळाच्या तुळईत खाचेने बसतो त्या जागी, गेल्या. खाचेच्या पुढे तुळईचे लाकूड कमी राहिले होते आणि ते तंतूंच्या दिशेने फळीसारखे सोलून निघाले. आमच्या गटाच्या कैचीत टाच टिकली, याचे श्रेय माझ्या बरोबरच्या सुताराला आहे. त्याने न विचारता पुढे चार बोटे लाकूड सोडले होते. एकटी कैची भाराखाली बाजूला कलंडते म्हणून दोन कैच्या समोरासमोर उभ्या करून आडव्या पट्ट्यांनी जोडूनच चाचणी घेतली जाते, आणि प्रत्यक्ष छपरातही एकट्या कैचीवर कधीच विसंबू नये हे त्यातूनच समजते.

मचाणाची चाचणी तुलनेने लवकर आटोपते. चार पाय, वर फळ्या, आणि बाजूने दोरी बांधून स्प्रिंगच्या काट्याने ओढणे. तिरपी पट्टी नसलेले मचाण हाताच्या ओढीला डुलते आणि प्रत्येक बाजूला एक तिरपी पट्टी ठोकल्यावर ते जागचे हलत नाही, एवढेच त्यातून पाहायचे असते. पाटावरच्या पुलाचा भाग मला घाईचा वाटला. पांझरेच्या फडांच्या, म्हणजे बंधाऱ्यातून पाटाने भिजणाऱ्या सामाईक शेतांच्या, मुलखात पाटावरच्या पुलाला खरोखर महत्त्व आहे, म्हणून त्याला आणखी एक सत्र द्यायला हवे होते.

शिकविणाऱ्या दोघांत एक तरुण अभियंता आहेत आणि एक वयस्क सुतार, ज्यांना सर्वजण आबा म्हणतात. अभियंत्यांचे गणित स्वच्छ आहे आणि आबांची पटाशी त्याहून स्वच्छ आहे. मिलिमीटर आणि सूत यांचा घोळ येथे कोणी लपवीत नाही. आबा इंच आणि सुतात बोलतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे साधारण ३.२ मिलिमीटर, हे फळ्याच्या कोपऱ्यात कायमचे लिहिलेले असते, आणि काम पुढे चालू राहते. भार वाढत असताना आबा सर्वांना गप्प बसवितात. “लाकूड पहिले बोलस, मंग मोडस,” हे त्यांचे अहिराणीतील वाक्य भौतिकदृष्ट्या अगदी बरोबर आहे. तंतू एकेक करून तुटताना बारीक कडकड ऐकू येते आणि ती दाट होऊ लागली की मोड जवळ आलेली असते. कोरड्या, ठिसूळ किंवा गाठाळ तुकड्यात मात्र ही सूचना फार उशिरा मिळते किंवा मिळतच नाही, हेही आबा तेवढ्याच ठामपणे बजावतात.

भार रात्रभर तसाच ठेवण्याचा प्रयोग वर्गाने सोडलेला नाही, याचे मला विशेष कौतुक वाटते. मोडभाराच्या निम्म्याच्या आसपास वजन टांगून पट्टी सकाळपर्यंत ठेवली जाते. सकाळी वाक वाढलेला दिसतो आणि वजन काढल्यावर पट्टी पूर्वीइतकी सरळ होत नाही. अमेरिकेत मॅडिसन येथील वन-उत्पादन प्रयोगशाळेत विसाव्या शतकाच्या मध्याला झालेल्या कामातून हे आकड्यांत मांडले गेले: सुमारे दहा वर्षे टिकून राहणारा भार लाकूड काही मिनिटांच्या चाचणीतील मोडभाराच्या जेमतेम ६० ते ६५ टक्के इतकाच पेलू शकते. जुन्या घरांत काम करणाऱ्याला याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. मालक कडीवर, म्हणजे मातीचे छप्पर पेलणाऱ्या तुळईवर, उभा राहून उड्या मारून दाखवितो आणि ती भक्कम असल्याचा निर्वाळा देतो. परंतु त्या कडीवर पिढ्यान्‌पिढ्या माती बसलेली आहे, आणि क्षणभराच्या उडीने त्या ओझ्याचा हिशेब होत नाही.

आता उणिवांकडे वळतो. पहिली आणि सर्वांत मोठी उणीव लाकडाची आहे. सर्व रचना आयात केलेल्या पाइनच्या बनविल्या जातात. कांडला-गांधीधाम भागातील गिरण्यांतून येणारे हे लाकूड स्वस्त आहे, सरळ तंतूंचे आहे, कापायला सोपे आहे आणि सर्व गटांना सारखे मिळते, त्यामुळे शिकविण्यासाठी त्याची निवड समजण्यासारखी आहे. पण खान्देशातील जुन्या घरांत पाइन सापडत नाही. तेथे सागवान, बाभूळ, निंब आणि काही ठिकाणी पाण्यात बुडण्याइतके जड अंजन सापडते. आयएस ८८३ मध्ये लाकडांचे ताठपणानुसार तीन गट केलेले आहेत आणि साग त्यांतील मधल्या गटात येतो. निदान साग आणि बाभूळ यांच्या एकेक पट्टीची पाइनशी तुलना करून दाखविली असती, तर धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतून येणाऱ्या सुतारांना वर्गाचा उपयोग कितीतरी पटींनी वाढला असता. जुने घर उतरविताना निघणारे सागाचे तुकडे शहरातील कोणत्याही जुन्या लाकडाच्या वखारीत मिळतात, त्यामुळे खर्चाची सबब येथे पटत नाही.

दुसरी उणीव ओलाव्याची. लाकडाच्या पट्ट्या शेडबाहेर ताडपत्रीखाली ठेवलेल्या होत्या आणि त्यांतील ओलावा कोणीही मोजला नाही. प्रयोगशाळांत लाकडाची ताकद साधारणपणे १२ टक्के ओलाव्याच्या पातळीवर आणून तुलना करतात, कारण ओले लाकूड कमी ताठ आणि कमी ताकदीचे असते. आपल्याकडे हा मुद्दा अधिक गंभीर आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा इतकी कोरडी असते की उघड्यावरील लाकडाचा ओलावा पाच-सहा टक्क्यांपर्यंत उतरतो. पावसाळ्यात तोच १५ टक्क्यांच्या पुढे जातो. हिवाळ्यात घट्ट बसविलेले कुसू (खाचेत बसणारे लाकडाचे टोक) उन्हाळ्यात खाचेत सैल होते ते यामुळेच. ओलावा मोजायला महागडे यंत्रही लागत नाही. तुकड्याचे वजन करावे, तो भट्टीत सुमारे १०३ अंशांवर वजन घटणे थांबेपर्यंत सुकवावा, पुन्हा वजन करावे आणि घटीला सुक्या वजनाने भागावे. हे एक प्रात्यक्षिक वाढविले, तर अंदाज आणि प्रत्यक्ष यांतील निम्म्या वादांचे उत्तर मिळेल.

तिसरी उणीव मला सर्वांत जास्त जाणवली, कारण ती माझ्या रोजच्या कामाशी जोडलेली आहे. खान्देशात धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या, घरांविषयी बोलल्याशिवाय लाकडाच्या भाराविषयी बोलणे अपुरे राहते. पत्र्याच्या, ज्यावर कोणी वावरत नाही अशा छपरासाठी चौरस मीटरला साधारण ७५ किलो भार धरतात. धाब्यावर वीतभर माती असेल, तर ती एकटीच चौरस मीटरला ३५० किलोच्या आसपास भरते. कड्या तीन मीटर लांब आणि एकमेकींपासून ४५ सेंटिमीटर अंतरावर असतील, तर एका कडीच्या वाट्याला जवळजवळ ५०० किलो येतात, आणि पावसात माती भिजली की हा आकडा आणखी वाढतो, तेही कडीचे भिंतीतले टोक ओलाव्याने कुजत असताना. वर्गातील कोणत्याही रचनेवर असा पसरलेला, कायमचा आणि पावसाळ्यात वाढणारा भार टाकला गेला नाही. सर्व भार टांगलेले होते आणि काही तासांचे होते. एका छोट्या चौकटीवर कड्या मांडून, वर माती पसरून आणि झारीने पाणी घालून वाक मोजणारे डायल गेज वाचत राहणे या केंद्राला सहज जमण्यासारखे आहे. मी ही सूचना लेखी दिली आहे.

यालाच लागून आकारमानाचा मुद्दा आहे. छोटी रचना नेहमीच तिच्या मोठ्या भावंडापेक्षा भक्कम भासते. सर्व मापे दुप्पट केली तर लाकडाचा छेद चौपट होतो, पण स्वतःचे वजन आठपट होते. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हा विचार मांडला होता. वर्गात तो ओझरता आला, आणि त्यामुळे स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट भार उचलणारी कैची पाहून काही विद्यार्थ्यांना मोठ्या छपराविषयीही तसाच विश्वास वाटू लागला. हा विश्वास धोक्याचा आहे आणि त्याला तेथेच आवर घालायला हवा होता.

सुरक्षिततेची व्यवस्था बहुतांशी समाधानकारक आहे. भार जमिनीपासून वीतभरच वर टांगलेला असतो, त्याखाली वाळूचे पोते असते, आणि शेवटच्या टप्प्यात सर्वांना पिवळ्या पट्टीच्या मागे उभे केले जाते. डोळ्यांचे चष्मे मात्र पुरेसे नव्हते. तुकडीत माणसे जास्त होती, त्यामुळे मागच्यांना डायल गेजचे आकडे दिसत नव्हते. सरावासाठीच्या टिपा इंग्रजीत आहेत. दोंडाईचा आणि साक्रीहून आलेल्या कारागिरांना त्या शेजाऱ्याकडून समजून घ्याव्या लागल्या, आणि इतक्या चांगल्या वर्गाच्या बाबतीत ही गोष्ट मला खरोखर खटकली.

साहित्यासह शुल्क साडेचार हजार रुपये आहे. शेवटी मिळणाऱ्या प्रमाणपत्राची बाजारात फारशी किंमत नाही, आणि केंद्रही तशी भलावण करीत नाही. ज्यांना केवळ नोकरीसाठी कागद हवा आहे त्यांनी आयटीआयचा सुतारकामाचा अभ्यासक्रम घ्यावा. सिव्हिल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षातील विद्यार्थी, कैच्या बनविणारे सुतार, आणि घर उतरवावे की सावरावे याचा निर्णय ज्यांना द्यावा लागतो असे ठेकेदार, या तिघांनी हा वर्ग अवश्य करावा. शक्य असल्यास एका सुताराने आणि एका अभियंत्याने मिळून एका गटात यावे, कारण आमच्या तुकडीत सर्वांत अचूक अंदाज अशाच जोड्यांचे होते. नोंदणी दिवाळीनंतर सुरू होते. येताना स्वतःची पटाशी आणि गुण्या बरोबर आणावा, कारण केंद्रातील पटाश्यांना पुरेशी धार नसते आणि बोथट पटाशीने पाइनची खाच स्वच्छ निघत नाही.